उजवा पल्ला वर

लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत. आमचा धंदाच तसा आहे. चित्रकाराने पातळ कागदावर रेघा काढून दिल्या की तो कागद आम्ही चेरीच्या फळीवर पालथा चिकटवतो, वरून तेलाचा हात फिरवतो म्हणजे रेघा पलीकडून दिसायला लागतात, आणि मग कागदासकट लाकूड कोरत जातो. काम संपतं तेव्हा चित्र फळीवर असतं आणि कागदाचा भुगा झालेला असतो. मूळ चित्र कधीच उरत नाही. त्यामुळे पुढे काही बिनसलं तर चित्रकार म्हणतो, कोरणाऱ्याने घाण केली. कोरणारा म्हणतो, चित्रच तसं होतं. आणि छापणारा दोघांकडे बघत चहा पितो. अशा धंद्यात केस पांढरे केल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होणार?

चीनशी लढाई लागायच्या आधी आम्हाला कोणी विचारत नव्हतं. लोकांना फोटोंचं वेड लागलं होतं. लढाई लागली आणि टोकियोच्या निहोनबाशी पेठेत आमच्या मालकीणबाईंच्या चित्रांच्या दुकानापुढे पुन्हा गर्दी व्हायला लागली. नवं चित्र टांगलं की माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून बघायची. तोफा, बर्फ, धूर, आणि मधोमध एक शूर शिपाई. मी तोंडं आणि केस कोरतो. बाकीचं माझ्या हाताखालचे. त्या हिवाळ्यात मी इतकी शूर तोंडं कोरली की आरशात स्वतःच्या मिशीचाही मला वीट आला.

माझा जावई तोकुजी त्याच लढाईत मंचुरियात होता. माणूस कौलं शाकारणारा. स्वभावाने गरीब, आणि खरं सांगायचं तर मला तो कधी फारसा पसंत नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा सगळा वेळ खाली बघून जेवला. खाली बघून जेवणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय हे मला कळत नाही. पण माझी नुई त्याच्यावर जीव टाकत होती. तो लढाईवर गेल्यावर ती बाळाला घेऊन शितायाला माझ्या घरी राहायला आली आणि लष्कराचे कोट शिवायचं काम घरी आणायला लागली. दिवसभर खिडकीपाशी बसून शिवायची. मध्येच बाळ रडलं की दोरा ओवलेली सुई गळपट्टीत खोचायची आणि त्याला मांडीवर घ्यायची. मी कितीदा सांगितलं, पोराला टोचेल. ती म्हणायची, "बाबा, तुम्ही पटाशी दातात धरता ती?"

आणि एक दिवस वर्तमानपत्रात तोकुजीचं नाव आलं. कुठल्याशा किल्ल्याच्या तटावर सगळ्यांच्या आधी तो चढला होता म्हणे. आदल्या रात्री गोळे पडत असताना हा गडी बर्फात शांत झोपला होता, असंही लिहिलं होतं.

मालकीणबाईंनी मला लगेच बोलावून घेतलं. ओरिकुबाई नवरा गेल्यावर दुकान चालवणारी बाई, बोलायला तिखट. "काय हो कारागीर, घरात वाघ पाळलात आणि पत्ता लागू दिला नाहीत?" त्या म्हणाल्या. "तीन पानी चित्र काढायचं. जावयाचं तोंड सासऱ्यानेच कोरायचं. टोकियोत असं चित्र कोणाकडे नसेल."

"वाघ कसला, मांजर. कौलांवर चढायची सवय, म्हणून तटावर चढला असेल," मी म्हणालो. पण आतून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

चित्र काढलं चिकुआनने. उजव्या पानावर बर्फातला तळ आणि कोट लपेटून झोपलेला तोकुजी. डाव्या पानावर पहाट, तट, आणि तटावर निशाण घेऊन उभा तोकुजी. मधल्या पानावर त्याचं स्वप्न: शेगडीच्या धुरासारखं त्याच्या डोक्यातून निघालेलं, आणि त्या धुरात घर. खिडकीपाशी बसलेली बाई, मांडीवर बाळ. कोरताना बाईच्या गळ्यापाशी एक बारीक रेघ माझ्या पटाशीखाली आली आणि मी थांबलो. गळपट्टीत सुई खोचलेली होती.

म्हणजे चिकुआन मागे एकदा आमच्याकडे सार भुरकायला आला होता तेव्हा नुसता सार भुरकत नव्हता. मला राग आला. पण नुईला सांगितलं तर ती लाजून हसली. म्हणाली, "मग नीट कोरा हं बाबा. मी त्यांच्या स्वप्नात आहे." मी इतक्या जपून आजवर काही कोरलं नव्हतं.

पहिली छपाई बघायला दुकानात गेलो तेव्हा ओरिकुबाई आणि चिकुआन चित्रावर वाकलेले होते.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

मी पाहिलं. तोकुजीचं तोंड झकास उतरलं होतं. बर्फही चांगला. मग त्यांनी नखाने मधलं पान दाखवलं. नुईच्या किमोनोचा उजवा पल्ला डाव्यावर आला होता. मांडीवरच्या बाळाच्या झबल्याचाही.

आमच्याकडे डावा पल्ला वर घेतात. लहान मूलसुद्धा चुकत नाही, कारण चुकलं की आई हातावर फटका मारते. उजवा पल्ला वर फक्त मढ्याला घालतात.

"चित्रकारबुवा," मी म्हणालो, "माझ्या पोरीवर तुमचा काय राग आहे?"

चिकुआन पांढराफटक पडला. "मी असं काढीन? मी? माझी आई वारल्याला वर्ष नाही झालं. या हातांनी तिला नेसवलंय मी. काढा माझा कागद, दाखवा!"

कागद कुठून दाखवणार? त्याचा भुगा मीच शेगडीत टाकला होता. तो माझ्याकडे संशयाने बघत होता आणि मी त्याच्याकडे. ओरिकुबाई म्हणाल्या, "भांडणं घरी जाऊन करा. हे पान दुकानाबाहेर जाता कामा नये. लोक दगड मारतील."

मी तडक साकुझोकडे गेलो. साकुझो आमचा छापणारा. आम्ही दोघं एकाच गल्लीत नाक पुसत वाढलो. मधल्या पानाच्या रेघांची फळी त्याच्याकडे भिंतीशी उभी होती. फळीवर सगळं आरशातल्यासारखं उलटं कोरायचं असतं, तेव्हा कागदावर सुलटं येतं. मी फळी उजेडात धरली. पल्ला उलटा होता, म्हणजे बरोबर होता. कागदावर सुलटाच यायला हवा होता. बोट फिरवून पाहिलं. डोळ्यांना फसवता येतं, बोटाला नाही. फळी बरोबर होती.

"साकु, दुसरी फळी कुठे आहे?"

"कुठली दुसरी?"

"जिच्यावरून तू हे छापलंस."

साकुझोने हात पुसले. "लेका इसा, तुझं डोकं फिरलंय. मी कागद ठेवतो, रगडतो, उचलतो. पल्ले इकडचे तिकडे करायची विद्या मला आली असती तर पहिल्यांदा बायकोचं तोंड पलीकडे फिरवलं असतं."

एरवी मी हसलो असतो. त्याच्या हातातून रगडायची चकती घेतली आणि स्वतः बसलो. फळीवर शाई लावली, कोपऱ्यातल्या खुणेशी कागद जुळवला, रगडलं. लाकडाचा आणि ओल्या कागदाचा वास आला, रोजचाच. कागद हळूहळू उचलला. आधी नुईचा हात वर आला, मग हनुवटी, मग गळा. उजवा पल्ला वर होता.

साकुझो माझ्या पाठीशी उभा राहून बघत होता. त्याने काही थट्टा केली नाही. फक्त खिडकी लावून घेतली.

मी फळी घरी आणली. दोन दिवस ती माझ्या बैठकीपुढे ठेवून नुसता बघत बसलो. पलीकडे नुई शिवत होती. बाळाला नुकतंच हसू फुटायला लागलं होतं. सुईचा दोरा ओढला की खुदकन हसायचं. मी तिच्या गळपट्टीकडे पाहायचो, मग फळीकडे, मग पुन्हा गळपट्टीकडे. ती म्हणाली, "बाबा, असं काय बघताय? मी काही चोरलं नाही तुमचं." मी म्हणालो, उजेड बघतोय. मला भीती वाटत होती. साधी, सरळ भीती. त्या चित्रात माझी मुलगी आणि नातू मढ्यांसारखे नेसून बसले होते, आणि ते कोणी केलं हे मला सापडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझ्यातला हट्टी माणूस जागा झाला. फळीवर बरोबर कोरलेलं कागदावर चुकीचं येत असेल, तर चुकीचं कोरलेलं बरोबर यायला हवं. आमच्यात चूक झाली की फळीचा तेवढा तुकडा काढून त्या जागी नव्या लाकडाचं ठिगळ ठोकतात आणि त्यावर पुन्हा कोरतात. मी नुईच्या आणि बाळाच्या गळ्यापाशी ठिगळं ठोकली. आणि ज्या चुकीसाठी शिकाऊ पोराला मी कानाखाली वाजवली असती, ती चूक मुद्दाम, मन लावून कोरली.

साकुझोने छापलं. कागद उचलताना त्याने डोळे मिटले होते. मी मिटले नव्हते.

डावा पल्ला वर. दोघांचाही.

"आता विचारू नकोस," साकुझो म्हणाला. "छापून टाकू आणि मोकळे होऊ." मी तिथेच जमिनीवर बसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मला गरम साके दिली आणि मी ती दिवसाढवळ्या प्यायलो.

चित्र हातोहात खपलं. शाळेतली पोरं दुकानापुढे उभी राहून तोकुजीच्या नावाने आरोळ्या ठोकायची. आमच्या गल्लीतला मासेवाला नुईला "वाघीणबाई" म्हणायला लागला आणि मासा जरा मोठा द्यायला लागला. मी एक संच घरी आणून भिंतीवर लावला. चेरी फुलल्या, तह झाला, पलटणी परत येणार अशी बातमी आली. मला वाटलं, सुटलो.

एका दुपारी नुई हातातला कोट तसाच घेऊन चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, हा कोट चुकलाय."

"कुठला कोट?"

"यांचा. झोपलेत तिथला." तिने हातातला लष्करी कोट चित्राशेजारी धरला. "पुरुषांच्या कोटाला गुंड्या उजवीकडे, आणि डावा पल्ला वरून येतो. इतके शिवलेत मी, डोळे मिटूनही सांगेन. यांच्या कोटाचा उजवा पल्ला वर आलाय."

मी जवळ गेलो. तिचं खरं होतं. आणि ते आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. किमोनोचा पल्ला आम्हाला झोपेतही कळतो, पण विलायती कोटाच्या गुंड्या कुठल्या बाजूला असतात हे टोकियोत कोण बघतो? ओरिकुबाईंनी पाहिलं नव्हतं, चिकुआनने नाही, हजारो लोकांनी विकत घेतलं त्यांनीही नाही.

"कोट आहे तो," मी म्हणालो. "कोटाचं काय एवढं."

ती आत गेली, आणि एक सुरकुतलेला कागद घेऊन आली. साकुझोच्या बायकोने खारवलेला मुळा पाठवला होता, तो ज्यात गुंडाळला होता तो कागद. वाया गेलेली पानं त्यांच्याकडे अशीच वापरतात. त्याला मुळ्याचा वास येत होता. पहिल्या छपाईचा, तिन्ही पानं जोडलेला संच होता. तिने तो जमिनीवर पसरून हाताने सपाट केला.

त्यात नुईचा आणि बाळाचा उजवा पल्ला वर होता. आणि झोपलेल्या तोकुजीच्या कोटाचा डावा.

तिने एकदा भिंतीवर पाहिलं, एकदा जमिनीवर.

"म्हणजे कोणातरी एकाला उलटं नेसवल्याशिवाय हे चित्र छापलंच जात नाही," ती म्हणाली.

"काहीतरी बोलू नकोस. फळीत चूक असेल."

"तुम्ही बदललंत?"

मी पटाशीची धार बघायला लागलो.

"बाबा, परत होतं तसं करा."

"नाही."

"बाबा—"

"तुझ्या मांडीवर पोर आहे त्या चित्रात!" मी ओरडलो. बाळ दचकून रडायला लागलं. "मी बाप आहे तुझा. पुन्हा विचारलंस तरी हेच करीन. हजारदा करीन."

तिने सुई गळपट्टीत खोचली आणि बाळाला उचललं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मुळ्याचा कागद मात्र मला पुन्हा कुठे दिसला नाही. कचऱ्यात शोधला, तिच्या शिवणाच्या टोपलीतही पाहिलं.

ती शिवलेले कोट पोचवायला बाहेर गेली असताना मी एकदा साकुझोकडून आणलेली उजव्या पानाची फळी काढून कोट तपासला. हाताखालच्या माणसाने तो बरोबर कोरला होता. मी फळी कापडात गुंडाळून परत ठेवली. पटाशीला हात लावला नाही.

तोकुजी जूनमध्ये आला.

दुपारची वेळ होती, पानही हलत नव्हतं. आम्ही स्टेशनवर जाणार होतो, पण त्याची पलटण अजून पोहोचायची आहे असं सकाळीच कळलं होतं, म्हणून घरीच होतो. दार सरकल्याचा आवाज आला आणि तो दारात उभा होता.

"आलो," तो म्हणाला.

"आलात," नुई म्हणाली. ती धावत जाऊन त्याच्या पायाशी बसली आणि बुटांच्या पट्ट्या सोडायला लागली.

मी बसल्या जागेवरून उठलो नाही. त्या उकाड्यात त्याने हिवाळ्याचा जाड कोट घातला होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

गुंड्या कुठल्या बाजूला होत्या ते मी आधीच पाहिलं होतं.

नुई उठली आणि कोट काढायला तिने हात पुढे केले. तिची बोटं क्षणभर थांबली. मग ती दुसऱ्या बाजूने गुंड्या सोडायला लागली. एकही चुकली नाही.

जेवताना तो खाली बघून जेवत होता. मला वाटलं, काहीतरी बोलायला हवं.

"त्या रात्री म्हणे तुला शांत झोप लागली होती," मी म्हणालो. "छापून आलं होतं."

"हो." तो जरा थांबला. "घर दिसलं. नुई खिडकीपाशी होती, मांडीवर बाळ. गळपट्टीत सुई होती." चित्र मी सकाळीच भिंतीवरून काढून ठेवलं होतं. "तुम्हीही होतात, बाबा."

"मी?"

"आमच्याकडे पाठ करून बसला होतात. काहीतरी कोरत होतात. मी हाका मारल्या. तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत."

पहिल्यांदाच त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याच्या नजरेत काहीच नव्हतं. नुईने त्याला आणखी भात वाढला.

सकाळी मला जाग आली तेव्हा दुधी उजेड पसरला होता. शेजारच्या खोलीतून काहीच ऐकू येत नव्हतं. तोकुजीचा कोट खुंटीला नव्हता, दारात बूटही नव्हते. मग नुई चहा घेऊन आली. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत, गेल्या वर्षभरात पाहिला नव्हता इतका. बाळ तिच्या पाठीशी पट्ट्याने बांधलेलं होतं.

तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि वाकली तेव्हा मला तिची गळपट्टी दिसली.

उजवा पल्ला वर होता. त्यात सुई खोचलेली होती.

"नुई." मी कप बाजूला सारला. "हे काय नेसलीस?"

"ते तिथे एकटे कसे राहतील, बाबा?"

"बदल. आत्ताच्या आत्ता बदल. नुई, माझं ऐक."

ती हसली. लहानपणी मी रागावलो की हसायची तशी. "चहा निवतोय," ती म्हणाली, आणि दाराकडे वळली.

"आणि बाळ?" मी ओरडलो. "बाळाचा पल्ला?"

ती थांबली नाही. बाळ झोपेत होतं, गाल तिच्या खांद्यावर टेकलेला. त्याची छाती तिच्या पाठीला घट्ट चिकटलेली होती. गळपट्टी दिसत नव्हती.